अनुताप आणि प्रायश्चित्त : पांच लॅटिन क्रियापदांची कथा

माणसाच्या मनांत उठणाऱ्या विकारांची नोंद प्रत्येक भाषा आपापल्या रीतीनें करीत असते. प्रीति, भीति, द्वेष यांविषयीं बोलतांना लॅटिन भाषा माणसाला कर्त्याचें स्थान देते. 'मी प्रेम करतों', 'मी भितों' असें रोमन मनुष्य सरळ म्हणत असे. परंतु पांच विकार असे होते कीं, त्यांच्या बाबतींत सामान्यतः त्याला कर्ता होतां येत नसे. 'मिसेरेत' म्हणजे कींव येणें, 'पेनितेत' म्हणजे पश्चात्ताप होणें, 'पिगेत' म्हणजे मनाला जड वाटणें किंवा खंत लागणें, 'पुदेत' म्हणजे लाज वाटणें, आणि 'तेदेत' म्हणजे वीट येणें. हीं पांच क्रियापदें लॅटिनच्या शालेय व्याकरणांत एका ओळींत मांडलेलीं असतात, आणि विद्यार्थी तीं घोकून पाठ करतात. व्याकरणाच्या पुस्तकांत अपवाद म्हणून पडून राहिलेल्या या पंचकाच्या मागें मात्र सतराशें वर्षांचा इतिहास आहे. त्यांतील एका क्रियापदानें तर अखेरीस युरोपांतील धर्मसंस्थेचे दोन तुकडे होण्यास हातभार लावला.

या क्रियापदांची रचना अशी. ज्याच्या मनांत विकार उत्पन्न होतो त्याचें नांव द्वितीयेंत येतें. ज्या गोष्टीमुळें तो उत्पन्न होतो तिचें नांव षष्ठींत येतें. आणि क्रियापद नेहमीं तृतीय पुरुषीं एकवचनी राहतें. त्याला कर्ता नाहीं. मराठी माणसाला ही रचना परकी वाटण्याचें कारण नाहीं. 'मला त्याची कींव येते', 'मला या कामाचा वीट आला' या वाक्यांत 'मी' कोठेंहि कर्ता नाहीं, आणि कींव ज्याची येते तोहि षष्ठींतच आहे. फरक एवढाच कीं, मराठींत कींव व वीट हीं नामें वाक्यांत उघड दिसतात व कर्त्याची जागा घेतात. लॅटिनमध्यें तें नाम क्रियापदाच्या पोटांत विरून गेलेलें असतें. 'मला मळमळतें', 'उजाडलें' अशीं जीं क्रियापदें मराठी व्याकरणकारांनीं भावकर्तृक म्हणून निराळीं काढलीं आहेत, त्यांच्याशीं या पंचकाचें नातें अधिक जवळचें आहे.

प्राचीन व्याकरणकारांनाहि हें कोडें पडलें होतें. इ. स. ५०० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथें लॅटिन शिकविणारा प्रिशियन यानें त्याचा उलगडा असा केला कीं, या क्रियापदांत त्यांच्या अर्थाचेंच नाम कर्ता म्हणून गृहीत धरावें. 'पुदेत' म्हणजे 'लज्जा मला धरते'. 'तेदेत' म्हणजे 'वीट मला धरतो'. या उलगड्यांत व्याकरणापलीकडचें एक सत्य आहे. लाज, खंत, वीट, कींव आणि पश्चात्ताप या गोष्टी मनुष्य करीत नाहीं. त्या त्याच्यावर येतात. ताप भरावा किंवा झोप अनावर व्हावी, त्याप्रमाणें त्या येतात. माणसाकडे कर्तेपण नाहीं, म्हणून जबाबदारी नाहीं, असें मात्र रोमन लोक मानीत नव्हते. कृत्य त्याचेंच असे. त्या कृत्याचें नांव षष्ठींत शेजारीं उभें असे. फक्त त्या कृत्याबद्दल मनाला जें वाटावयाचें, तें हुकुमानें वाटत नाहीं, एवढेंच ती भाषा सांगत होती.

'पुदेत' आणि 'पिगेत' हीं दोन क्रियापदें कानांना जुळ्या भावंडांसारखीं लागतात. इ. स. पू. १८४ मध्यें वारलेला नाटककार प्लॉटस यानें आपल्या 'त्रिनुम्मुस' या नाटकांत त्यांवर कोटी केली आहे. लिसितेलीस नांवाच्या तरुणाचा एक मित्र वडिलार्जित मिळकत उधळून बसला आहे, आणि हा तरुण त्या मित्राच्या बहिणीशीं हुंडा न घेतां विवाह करूं इच्छितो. संकटांत सांपडलेल्या मित्राला टाकून देण्याची आपणांस लाज वाटते, असें तो बापाला सांगतो. व्यवहारी बाप उत्तर देतो कीं, लाज पत्करली, पण मागाहून हळहळण्याची पाळी नको. आणि दोन्ही शब्दांचीं अक्षरें तर सारखींच आहेत! प्रेक्षक हंसले असतील, पण कोटीच्या तळाशीं एक खरा भेद आहे. लाज दुसऱ्याच्या डोळ्यांकडे पाहते. खंत स्वतःच्या नुकसानीकडे पाहते. पुढें कित्येक शतकांनंतर नोनिअस मार्सेलस या कोशकारानें हाच भेद नोंदवून ठेवला: 'पुदेत' हें मर्यादेचें क्रियापद आहे, 'पिगेत' हें पश्चात्तापाचें. नाटकांतला बाप अखेर मुलापुढें हार खातो, व बिनहुंड्याच्या विवाहास संमति देतो. लाजेचें पारडें जड ठरतें.

रोमन समाजांत तें एरवींहि जडच असे. सेन्सॉर नांवाचे दोन अधिकारी नागरिकांची यादी तपासीत, व ज्याची वर्तणूक अशोभनीय वाटे त्याच्या नांवापुढें खूण करून त्याला सिनेटांतून काढून टाकीत. ही न्यायालयाची शिक्षा नव्हती. ती चार लोकांत मान खालीं घालावयास लावण्याची शिक्षा होती. जेथें राज्यव्यवस्थेचा एक खांब लज्जेवर उभा होता, तेथें 'पुदेत' हें क्रियापद केवळ मनाच्या कोपऱ्यांतलें नव्हतें.

'तेदेत' या क्रियापदाचें काम अधिक गंभीर होतें. त्याचा सौम्य वापर ऑगस्टस बादशहाच्या चरित्रांत सांपडतो. त्यानें स्क्रिबोनिया या पत्नीस इ. स. पू. ३९ मध्यें सोडलें, तेव्हां तिच्या वांकड्या स्वभावाचा आपणांस पुरता वीट आला असें कारण त्यानें लिहून ठेवलें होतें. चरित्रकार सुएटोनियस यानें तें नमूद केलें आहे. कॅशियस डिओ हा इतिहासकार सांगतो कीं, ज्या दिवशीं तिला ज्यूलिया ही कन्या झाली त्याच दिवशीं हा काडीमोड झाला. वीट आला म्हटलें कीं, पुढें कांहीं सांगावयास नको, असा या शब्दाचा दिमाख होता.

परंतु रोमन कायद्यांत हा शब्द आला, तेव्हां त्यावर कुटुंबांचीं भवितव्यें अवलंबून राहूं लागलीं. ज्यावर गंभीर गुन्ह्याचा आरोप आहे अशा माणसानें शिक्षेच्या भयानें आत्महत्या केली, तर त्याची मिळकत सरकारजमा होई. मग मरणाचें कारण भय नव्हे तर दुसरेंच असलें तर काय करावयाचें? जीवनाचा वीट आल्यामुळें किंवा असह्य वेदनेमुळें कोणी प्राण सोडला असेल, तर त्याच्या वारसांचा हक्क बुडूं नये, असा निर्णय अँटोनिनस बादशहानें दिला. मार्सियन या कायदेपंडितानें तो उद्धृत केला आहे, आणि इ. स. ५३३ मध्यें जस्टिनियनच्या आज्ञेनें जो 'डायजेस्ट' नांवाचा प्रचंड संग्रह झाला त्यांत तो टिकून राहिला आहे. इ. स. ११७ ते १३८ पर्यंत राज्य करणाऱ्या हेड्रियनचा दुसरा एक निर्णय सैनिकांविषयीं आहे. सैनिकाचा देह राज्याचा. म्हणून जो सैनिक आत्महत्येचा प्रयत्न करून वांचेल त्याला देहान्ताची शिक्षा असे. परंतु वेदना, व्याधि, वेड, जीवनाचा वीट किंवा लाज यांपैकीं कारण असेल तर त्याला मारूं नये, अपमानपूर्वक नोकरींतून काढावें, असें हेड्रियननें ठरविलें. पंचकांतील दोन विकार, वीट आणि लाज, येथें व्याधि व वेड यांच्या पंक्तीला बसले आहेत. ज्या विकारांचा माणूस कर्ता नाहीं, त्यांच्याबद्दल त्याला देहदंड नाहीं, हा जो न्याय व्याकरणांत दडलेला होता, तोच येथें कायद्यानें उघड बोलून दाखविला.

कींवेच्या बाबतींत रोमन विचारवंतांचें मत मात्र कठोर होतें. सेनेकानें इ. स. ५५-५६ च्या सुमारास तरुण नीरोसाठीं दयाबुद्धीवर ग्रंथ लिहिला, त्यांत क्षमाशीलतेची स्तुति आहे आणि कींवेची निंदा. शिक्षा सौम्य करणें हा विवेकाचा गुण. परदुःख पाहून मन विरघळणें हा दुबळ्या मनाचा दोष, असें त्याचें स्टोइक मत होतें. जें आपल्या ताब्यांत नाहीं त्याला सद्गुण म्हणावयास तो तयार नव्हता.

आतां उरलें 'पेनितेत', आणि या कथेचा गाभा तेंच आहे. त्याचा मूळ अर्थ पश्चात्ताप असा नव्हता. जुन्या लॅटिनमध्यें त्याचा अर्थ 'पुरेसें न वाटणें', 'असमाधान वाटणें' एवढाच होता. 'जवळजवळ' या अर्थाच्या 'पेने' या शब्दाशीं प्राचीनांनीं त्याचें नातें जोडलें आहे. मिळालेलें थोडें वाटलें, दैवानें दिलेलें आवडलें नाहीं, तरी हें क्रियापद चालत असे. स्वतःच्या हातून घडलेल्या चुकीविषयींच तें वापरावें, हें बंधन मागाहून आलें. ते बंधन येतांना वाद झाला, आणि तो वाद सिसेरोच्या एका वाक्यावरून झाला.

इ. स. पू. ५६ मध्यें सिसेरोनें केलियस या देखण्या तरुणाचा बचाव केला. त्याच्या रूपावरून फिर्यादी पक्षानें त्याच्या शीलाविषयीं कुजबूज केली होती. सिसेरो म्हणाला कीं, अशा बोलण्यानें केलियस इतका दुखावणार नाहीं कीं आपण कुरूप जन्मलों नाहीं याचा त्याला पश्चात्ताप व्हावा. पुढें असिनियस गॅलस आणि लार्सियस लिसिनस या दोन टीकाकारांनीं या वाक्यावर हल्ला चढविला. लिसिनसच्या पुस्तकाचें नांवच 'सिसेरोचा चाबूक' या अर्थाचें होतें. त्यांचा आक्षेप असा कीं, आपण स्वतः केलेली गोष्ट मागाहून नापसंत झाली म्हणजे पश्चात्ताप होतो. जन्म आणि रूप या आपल्या इच्छेबाहेरच्या गोष्टी, त्यांचा पश्चात्ताप कसा होईल? दुसऱ्या शतकांतील ऑलस गेलियस यानें सिसेरोची बाजू घेतली. रूप हें केलियसच्या हातचें नव्हतें म्हणूनच सिसेरोनें हा शब्द मुद्दाम योजिला. निसर्गानें केलेल्या गोष्टीचा दोष फिर्यादी केलियसच्या माथीं मारीत आहेत, हें हास्यास्पद करून दाखविण्यासाठीं, असें त्याचें म्हणणें. वाद शब्दाचा दिसतो, पण प्रश्न मोठा आहे. पश्चात्तापाला इच्छा आवश्यक आहे काय? टीकाकारांच्या 'होय' या उत्तरानें असमाधानाचें जुनें क्रियापद अपराधाच्या दिशेनें पुढें सरकलें.

उरलेलें अंतर ख्रिस्ती धर्मानें तोडलें. तिसऱ्या शतकाच्या आरंभीं कार्थेजचा टर्टुलियन यानें पश्चात्तापावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच्या आरंभींच तो म्हणतो कीं, मूर्तिपूजकांना पश्चात्ताप ठाऊक आहे तो एवढाच: आपल्या पूर्वीच्या मताचा कंटाळा येऊन मनावर ओढवणारी एक वेदना, आणि ती वेदना त्यांना सत्कृत्यांबद्दलसुद्धां होते. ख्रिस्ती माणसाचा पश्चात्ताप याहून निराळा. तो केवळ अंतःकरणांत राहूं नये, कृतींत उतरावा, तरटें व राख अंगावर घेऊन लोकांसमक्ष उतरावा, असें त्यानें सांगितलें. 'पेनितेन्तिया' हें नाम आतां 'आगेरे' म्हणजे 'करणें' या क्रियापदाला जोडलें गेलें. 'मला पश्चात्ताप होतो' याच्या जागीं 'मी पश्चात्ताप करतों' आलें. द्वितीयेंतला मनुष्य प्रथमेंत आला. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमनें लॅटिन शुभवर्तमानें तपासून सिद्ध केलीं, त्यांतहि येशूच्या ग्रीक आज्ञेसाठीं हाच 'करण्याचा' प्रयोग राहिला.

या बदलाचें सामर्थ्य इ. स. ३९० मध्यें दिसून आलें. थेस्सलोनिका येथें जमावानें बुथेरिक या सेनाधिकाऱ्यास ठार केलें, म्हणून थिओडोशियस बादशहाच्या सैन्यानें तेथील लोकांची कत्तल केली. मेलेल्यांचा आंकडा सात हजार होता असें थिओडोरेट या इतिहासकारानें लिहिलें आहे. मिलानचा बिशप अँब्रोज यानें बादशहाला पत्र लिहून कळविलें कीं, पश्चात्तापाचा आचार पुरा झाल्यावांचून त्याच्या उपस्थितींत आपण उपासना करूं शकत नाहीं. थिओडोशियसनें राजचिन्हें उतरविलीं आणि मंदिरांत सर्वांदेखत अश्रु ढाळले, इ. स. ३९५ मध्यें त्याच्या मृत्यूनंतरच्या भाषणांत अँब्रोजनेंच तें सांगितलें. बादशहाला आंतून काय वाटलें होतें हें इतिहासाला कळण्याजोगें नाहीं. त्यानें काय केलें तें मात्र सर्व मिलाननें पाहिलें. शब्दाचें केंद्र वाटण्यापासून करण्याकडे सरकलें होतें, आणि त्यामुळेंच एका सम्राटाला त्याच्या अपराधाचा जाब देणें भाग पडलें. हा लाभ लहान नव्हता.

तोटाहि त्याच मार्गानें आला. सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडमधील मठांत प्रायश्चित्तांच्या याद्या तयार झाल्या. अमुक पापाला इतके दिवस भाकरी आणि पाणी, तमुक पापाला इतकीं वर्षें उपास, असा तो हिशेब होता. इ. स. ६३६ मध्यें वारलेल्या सेव्हिलच्या इसिडोरनें तर या शब्दाची व्युत्पत्तीच शिक्षेच्या धातूपासून लावली. ती चूक होती, पण तिला आधार मिळाला उच्चाराचा. सिसेरोच्या काळीं या शब्दाचा उच्चार 'पायनितेत' असा, आणि दंड या अर्थाच्या शब्दाचा उच्चार 'पोयना' असा होता. पुढें 'आय' आणि 'ओय' हे दोन्ही स्वर 'ए' झाले, व 'पेनितेन्तिया' आणि 'पेना' हे शब्द कानाला सख्खे भासूं लागले. लेखकांनीं शब्दलेखनहि त्याप्रमाणें बदलून टाकलें. पश्चात्ताप म्हणजे दंड भोगणें, ही समजूत वर्णमालेंतच शिरली. इ. स. १२१५ च्या चौथ्या लॅटेरन परिषदेनें प्रत्येक जाणत्या ख्रिस्ती माणसानें वर्षांतून निदान एकदां पापांची कबुली दिलीच पाहिजे असा नियम केला. दंड आहे तर त्यांत सूट असावयाची, आणि सूट आहे तर ती पैसे देऊन मिळण्याचाहि संभव असावयाचा. क्षमापत्रांचा व्यवहार या वाटेनें वाढला.

या इमारतीला पहिला तडा गेला तो व्याकरणाच्या अंगानें. पंधराव्या शतकांत इटलींतील लोरेंझो व्हाला यानें लॅटिन बायबल ग्रीक मुळाशीं ताडून पाहिलें, तेव्हां ग्रीक 'मेटानोइया' शब्दाचा अर्थ मन पालटणें असा असून 'पेनितेन्तिया' त्याला पुरा पडत नाहीं, असें त्यानें दाखविलें. त्याचीं टिपणें इरॅस्मसनें १५०५ मध्यें छापलीं, आणि १५१६ मध्यें स्वतः ग्रीक नवा करार प्रसिद्ध करतांना 'शुद्धीवर या' अशा अर्थाचें दुसरें क्रियापद सुचविलें. पुढच्याच वर्षीं, १५१७ सालीं, मार्टिन ल्यूथरनें आपलीं ९५ विधानें मांडलीं. त्यांतील पहिलें याच आज्ञेविषयीं आहे: ख्रिस्तानें पश्चात्ताप करण्यास सांगितलें तेव्हां श्रद्धावंतांचें सर्व आयुष्यच पश्चात्तापाचें व्हावें असा त्याचा हेतु होता. दुसरें विधान असें कीं, त्या शब्दाचा अर्थ पुरोहिताकरवीं होणारा कबुलीजबाब व प्रायश्चित्त असा घेतां येत नाहीं. मे १५१८ मध्यें आपला गुरु स्टाउपिट्झ याला लिहिलेल्या पत्रांत तो सांगतो कीं, एके काळीं हा शब्द सर्व धर्मग्रंथांत आपणांस अत्यंत कडू वाटे. त्याचा ग्रीक अर्थ उमगल्यावर त्याहून गोड शब्द उरला नाहीं. केवळ एका शब्दावरून धर्मक्रांति झाली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु तिचें पहिलें वाक्य शब्दार्थाचें होतें, हें नाकारतां येत नाहीं. रोमनें आपली बाजू सोडली नाहीं. १५५१ मध्यें ट्रेंटच्या परिषदेनें प्रायश्चित्ताच्या संस्काराचें पुन्हां ठासून समर्थन केलें.

पंचकांतील इतर शब्दांचें आयुष्य शांतपणें सरलें. 'पिगेत'च्या कुळांतून फ्रेंच, इटालियन व स्पॅनिश भाषांत आळसाचीं नांवें निघालीं. 'पुदेत'च्या कुळांतून विनयाचीं. 'तेदेत'च्या कुळांतून कंटाळ्याचीं. 'पेनितेत'चे वंशज मात्र तुरुंगापर्यंत पोहोंचले. इंग्लंडांत १७७९ मध्यें एका कायद्यानें 'पेनिटेन्शरी' हें नांव कारागृहास दिलें. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें १८२९ मध्यें उघडलेल्या व १९७१ मध्यें बंद झालेल्या कारागृहांत कैद्याला एकटें कोंडून ठेवीत, कीं एकांतांत त्याला पश्चात्ताप व्हावा. जें मनावर आपोआप यावयाचें, तें भिंती बांधून आणतां येईल, असा तो विश्वास होता.

मराठींत या ठिकाणीं दोन शब्द आहेत. पश्चात्ताप होतो, प्रायश्चित्त घेतात. पहिल्याला कर्ता लागत नाहीं, दुसऱ्याला लागतो. मराठी बायबलांत पश्चात्तापाला 'करणें' हें क्रियापद जोडलेलें आढळतें, तें याच जुन्या आज्ञेमुळें. एरवींच्या बोलण्यांत तो होतच असतो. लॅटिनमध्यें हीं दोन्ही ओझीं एकाच शब्दानें वाहिलीं, आणि कोणतें ओझें खरें यावर पिढ्यान् पिढ्या भांडल्या. ज्याला नुसतें वाटलें व ज्यानें कांहीं केलें नाहीं, त्याचा अनुताप थेस्सलोनिकाच्या मृतांना पुरेसा नव्हता. ज्यानें सर्व केलें व ज्याला कांहींच वाटलें नाहीं, त्याच्या प्रायश्चित्तावर ल्यूथरचा विश्वास नव्हता. भाषेनें दोन शब्द वेगळे ठेवले म्हणजे माणूस दोन्ही कर्तव्यें पार पाडील, असें नाहीं. परंतु एकाच्या आड दुसरें लपवितां येत नाहीं, एवढी सोय तरी भाषा त्याला करून देते.